पिकअपचे पुढचे पाटे घरच्या अंगणात बदलताना

प्रश्न थोडक्यात असा: पिकअपला पुढे सरळ एक्सल आहे आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) गठ्ठा. गाडी जुन्नर भागातून टोमॅटोचे क्रेट घेऊन माळशेज घाटातून वाशीला जाते. डाव्या बाजूचा मेन पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधे एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकातून तुटला. मिस्त्री म्हणतो, मेन पाटा तेवढा बदलू आणि वर एक जादा पाटा घालून देऊ. त्यापेक्षा दोन्ही बाजूंचे पूर्ण पाटे घरी बदलता येतील का, आणि काय काय लागेल?

बदलता येतील. दोन माणसं आणि एक अख्खा दिवस धरा. पाटा काढणं आणि चढवणं हा यातला सोपा भाग. खरी अडचण गंजलेल्या बोल्टांची असते, आणि खरी चूक होते ती गठ्ठा एक्सलला बांधणारे यू बोल्ट आवळताना. आधी तुटण्याच्या कारणाबद्दल बोलतो, कारण ते सुटलं नाही तर नवा पाटाही त्याच जागी तुटेल.

पाटा कुठे तुटला यावरून का तुटला ते बरंचसं कळतं. डोळ्याजवळ, म्हणजे बुश (पिनेभोवतीची नळी) बसतो त्या गोल भागापाशी तुटला असेल तर बुश किंवा शॅकलची, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याची, पिन जाम झालेली असते; पाट्याला मागे-पुढे सरकायला जागा मिळत नाही आणि तो डोळ्यापाशीच वाकत राहतो. यू बोल्टच्या प्लेटच्या कडेला तुटला तर ओव्हरलोड किंवा नुसता थकवा. तुमचा तुटलाय भोकातून, आणि याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच: यू बोल्ट ढिले होते. यू बोल्ट नीट आवळलेले असतील तर एक्सलच्या बैठकीवरचा पाट्यांचा भाग एकसंध ठोकळ्यासारखा राहतो, तिथे वाक येतच नाही. वाक सुरू होतो प्लेटच्या बाहेर. पकड सुटली की तो आत भोकापर्यंत पोचतो, आणि भोक पाडल्यामुळे तिथे लोखंड मुळातच कमी असतं.

त्यात घाट. माल बराचसा मागच्या एक्सलवर असतो हे खरं, पण माळशेज उतरताना ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. शिवाय सरळ एक्सलला ब्रेकचा पीळ धरून ठेवायला दुसरं काहीच नसतं, तो पाटेच सोसतात. यू बोल्ट ढिला असेल तर हा पीळ थेट सेंटर बोल्टवर येतो. आधी सेंटर बोल्ट कापला जातो, मग एक्सल एका बाजूला मागे सरकतो, गाडी तिरकी चालते आणि टायर एका कडेने झिजतो. तुटलेला गठ्ठा उघडल्यावर पाट्यांच्या मधल्या भागात लालसर भुकटी आणि घासून चकाकलेले पट्टे दिसले तर पकड सुटली होती हे पक्कं.

आता जादा पाट्याचं. पुढे जादा पाटा घालू नका. माल मागे, मग पुढे पाटा वाढवून वजन कोण उचलणार? फक्त पुढची बाजू उंच आणि कडक होईल, ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलेल आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देईल. स्थानिक पाटेवाल्याकडचा ‘थोडा जाड’ मेन पाटाही असाच फसवतो. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ७ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो एकटा जवळपास दीडपट कडक होतो. मग बाकीचे चार आराम करतात आणि सगळा भार त्या एकावर येतो. आणि जास्त माल भरता यावा म्हणून हे चाललं असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, हेही हिशोबात धरा.

बसलेल्या पाट्याला हातोड्याने ठोकून पुन्हा कमान देऊन घेणं हे तात्पुरतं काम आहे. थोड्याच दिवसांत तो परत बसतो. भट्टीत तापवून कमान दिली तर स्प्रिंग स्टीलचं पाणीच उतरतं. मग तो एकतर वाकून राहतो किंवा काचेसारखा तुटतो. वेल्डिंगचा तर विचारही नको. जुने पाटे लोहाराला द्या, त्याचे कोयते उत्तम होतात.

बदलायचे तर दोन्ही बाजूंचे. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला काही वर्षं बसलेला गठ्ठा ठेवला तर गाडी झुकणारच, आणि ब्रेक लावल्यावर ओढणारसुद्धा.

काय आणायचं

आधी गाडीखाली वाकून पाहा. सगळ्या पिकअपना पुढे पाटे नसतात. इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्सला पुढे कॉइल स्प्रिंग आहे, त्यांना यातलं काही लागू नाही. टाटा एसला, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीला, पुढे पॅराबोलिक पाटे असतात. तिथे पद्धत हीच, पण पाटे संख्येने कमी, मधे जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेले असतात आणि एकमेकांना फक्त मधे आणि टोकांना टेकतात. त्यांच्या मधे ग्रीस भरण्याचा प्रश्न येत नाही, आणि त्यात साधा सपाट पाटा मिसळायचा नाही.

पाट्यांचे दोन पूर्ण गठ्ठे, बांधलेले, घ्या. डावा आणि उजवा एकच आहे का हे पार्ट नंबरवरून विचारून घ्या. काही गाड्यांना ते वेगळे असतात. दुकानात टेप घेऊन जा आणि जुन्याशी ताडून पाहा: पाट्याची रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, पाट्यांची संख्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या डोळ्याच्या मध्यापासून सेंटर बोल्टपर्यंतचं अंतर. सेंटर बोल्ट नेहमी बरोबर मधेच असतो असं नाही. पुढचं आणि मागचं अंतर वेगळं असेल आणि गठ्ठा उलटा बसला, तर एक्सल तेवढा पुढे-मागे जातो. दोन्ही नवे गठ्ठे फरशीवर शेजारी ठेवून कमानीची उंची मोजा. पाच-सात मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर दुसरी जोडी मागा.

यू बोल्ट चार, आठ नट, आठ कडक वायसर. सगळे नवे. जुना यू बोल्ट पुन्हा वापरू नका, तो कितीही चांगला दिसो. आवळताना तो ताणला जातो, आणि त्या ताणावरच पकड अवलंबून असते. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही. मापं तीन द्यायची: दांड्याची जाडी, दोन पायांमधलं आतलं अंतर आणि पायाची लांबी. वरचा वाक गोल की चौकोनी तेही सांगा. नवे यू बोल्ट शक्यतो ८.८ ग्रेडचे घ्या. फॅब्रिकेशनवाल्याकडून साध्या सळईला आटे पाडून करून घेतलेले यू बोल्ट ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी बचत आहे.

बुश एका बाजूला तीन जागी असतात: पाट्याच्या दोन डोळ्यांत दोन आणि शॅकलचा वरचा एक. म्हणजे गाडीला सहा. दोन अर्ध्यांत येणारे रबर बुश असतील तर बारा नग. बुश नव्या गठ्ठ्यात बसवून येतात का ते विचारा, आले तर निम्मी कटकट वाचते. पिना किंवा बोल्ट सहा, नायलॉक नट सहा. बंपस्टॉपचे दोन रबर. शॅकलच्या प्लेटची भोकं लांबट झाली असतील तर प्लेटाही. सेंटर बोल्ट गठ्ठ्याबरोबर येतो, तरी एक जादा घेऊन ठेवा, स्वस्त आहे.

हत्यारांत: तीन टनाच्या दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), एक ट्रॉली जॅक आणि एक बाटली जॅक, १७ ते २४ पर्यंतच्या गोट्या (सॉकेट) आणि रिंग पाने, तीन-चार फुटांचा पाइप, दोन किलोचा हातोडा, पितळेचा किंवा तांब्याचा ड्रिफ्ट, दोन टॉम्या (निमुळत्या टोकाचे लोखंडी दांडे), वायर ब्रश, गंज सोडवायचं तेल, कटिंग डिस्क लावलेला ग्राइंडर. आणि टॉर्क पाना, म्हणजे नट किती जोराने आवळला ते मोजणारा. तो विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजमधून संध्याकाळपुरता मागून आणा. पण त्याच्याशिवाय हे काम करू नका.

जागा आणि आदला दिवस

काँक्रीटची सपाट जागा असेल तर उत्तम. मातीच्या अंगणात करायचं असेल तर प्रत्येक घोडीखाली आणि जॅकखाली किमान एक फूट बाय एक फुटाची जाड फळी किंवा लोखंडी पत्रा हवा, नाहीतर घोडीचा एक पाय हळूहळू रुततो. पावसाळ्यात मातीवर हे काम टाळाच. विटा, सिमेंटचे ब्लॉक, रचलेले दगड यांच्यावर गाडी टेकवून खाली जायचं नाही. ब्लॉक एका क्षणात फुटतो, आधी तडा जाण्याची वाट बघत नाही. मागच्या चाकांना मात्र दोन्ही बाजूंनी दगड लावा.

आदल्या संध्याकाळी सगळे आटे वायर ब्रशने खरवडून त्यावर तेल सोडा आणि झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा. कोकणातली गाडी असेल तर दोन दिवस आधीपासून. खाऱ्या हवेत शॅकलची पिन बुशच्या आतल्या नळीला असं धरून बसते की तेलाला आत जायला फट मिळत नाही.

गाडी सपाट जागी, रिकामी असताना चार मापं लिहून ठेवा: पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची, आणि दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. सध्या पाटा तुटलाय म्हणून डावीकडची मापं चुकीचीच येतील, पण उजवीकडची उपयोगी पडतील. गाडी सरळ उभी असताना स्टिअरिंगचा आरा कुठे आहे त्यावर चिकटपट्टी लावा. प्रत्येक बोल्ट कोणत्या बाजूने घातलाय याचे फोटो काढा. काही बोल्ट बाहेर काढायला एकाच बाजूला जागा असते, दुसऱ्या बाजूला स्टिअरिंग बॉक्स किंवा डिझेलचा पाइप आडवा येतो.

एका वेळी एकच बाजू

हा या कामातला सगळ्यात उपयोगी नियम. दुसऱ्या बाजूचा पाटा जागेवर असेल तर तो एक्सलला धरून ठेवतो. दोन्ही बाजू एकदम सोडल्या तर एक्सल जॅकवर गोल फिरतो आणि दोन माणसांना तो परत जुळवताना नाकी नऊ येतात.

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग गाडी उचलून घोड्या चासीच्या मुख्य दांड्याखाली लावा, पुढच्या पाट्याच्या मागच्या ब्रॅकेटच्या जरा मागे. रेडिएटरखालच्या आडव्या पत्र्याखाली किंवा ऑइल पॅनखाली नाही. घोड्यांवर गाडी टेकवल्यावर बंपर धरून जोरात हलवून पाहा. हलली तर आत्ताच हलू दे, तुम्ही खाली असताना नको. काढलेली चाकं चासीखाली आडवी सरकवून ठेवा.

ट्रॉली जॅक त्या बाजूच्या पाट्याच्या बैठकीजवळ एक्सलखाली लावा आणि एक्सलचं वजन नुसतं झेलेल इतपतच वर घ्या. गाडी घोडीवरून उचलली जायला नको आणि एक्सल लोंबकळायलाही नको. शॉकअपचा खालचा बोल्ट काढून तो बाजूला बांधा. ब्रेकचा रबरी होज बघा: एक्सल खाली जाताना त्याला ओढ बसता कामा नये. एबीएस असेल तर त्याची वायरही क्लिपमधून मोकळी करा.

यू बोल्टचे नट निघाले तर ठीक, नाहीतर वेळ घालवू नका, नटाच्या कडेने ग्राइंडरने कापा, नाहीतरी ते फेकायचेच आहेत. कापण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, होज आणि डिझेलच्या पाइपवर ओलं गोणपाट किंवा पत्र्याचा तुकडा धरा. शेवटचा थोडा भाग उरला की ताणलेला दांडा झटक्यात सुटतो, तोंड त्या रेषेत ठेवू नका.

यू बोल्ट सुटल्यावर एक्सल चार-पाच सेंटिमीटर खाली घ्या. पाटा आणि एक्सल यांच्यामधे पाचरीसारखी पट्टी असेल तर तिचा जाड भाग पुढे होता की मागे ते तिच्यावरच खडूने लिहा. ही पट्टी एक्सलचा कल, म्हणजे कॅस्टर, ठरवते. २ अंशांची पट्टी उलटी बसली तर फरक ४ अंशांचा पडतो, आणि मग एकतर स्टिअरिंग वळणातून आपोआप परत येत नाही किंवा ठरावीक वेगाला चाकं थरथरायला लागतात. लोक चाकांचं बॅलन्सिंग करून घेत फिरतात आणि दोष त्या पट्टीत असतो.

आता शॅकलची खालची पिन, मग दुसऱ्या टोकाची. बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाही असं झालं तर बुशची आतली नळी बोल्टला धरून बसली आहे. कितीही ठोकलं तरी रबर झटका खाऊन घेतं. ब्रॅकेट आणि डोळा यांच्या फटीतून कटिंग डिस्क घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. ब्रॅकेटच्या लोखंडाला डिस्क लागू देऊ नका. गठ्ठा दहा-पंधरा किलोचा असतो, शेवटची पिन काढताना दुसऱ्या माणसाने तो धरलेला असावा.

गठ्ठा निघाला की पाच मिनिटं टॉर्च घेऊन नुसतं बघा. ब्रॅकेटच्या रिव्हेटांभोवती गंजाची रेघ, शॅकल ब्रॅकेटपाशी चासीला केसासारखा तडा, एक्सलच्या बैठकीवरचं सेंटर बोल्टच्या डोक्याचं भोक लांबट झालंय का. तुमच्या गाडीत यू बोल्ट ढिले राहिले होते, म्हणजे हे भोक नक्की तपासा. थोडं घासलेलं चालतं, पण डोकं त्यात दोन-तीन मिलिमीटर खेळत असेल तर बैठकीचं काम वर्कशॉपमध्ये करून घ्यावं लागेल. चासीला तडा असेल तर घरचं काम इथेच थांबवा. बैठक खरवडून सपाट करा. गंजाचा एक पापुद्रा राहिला तर तोच पुढे चुरा होऊन यू बोल्ट ढिला करतो.

बुश बसवणं

जुना बुश काढायला डोळ्यातल्या रबरातून ड्रिल मारून आतली नळी ढकलून काढा, मग बाहेरची नळी हॅकसॉच्या पात्याने आतून उभी कापा. पाट्याला चर पडू देऊ नका, स्प्रिंग स्टीलला तडा अशा ओरखड्यातूनच सुरू होतो. गॅस कटरने रबर जाळून काढणं जलद आहे, पण डोळा तापतो. नवा बुश वाइसमध्ये धरून किंवा लांब आट्याचा दांडा, दोन जाड वायसर आणि योग्य मापाची गोटी यांनी ओढून बसवता येतो. रबराला साबणाचं पाणी लावा. ग्रीस, डिझेल, ऑइल यांनी रबर फुगतं.

नवा गठ्ठा चढवणं

आधी न हलणारं टोक, म्हणजे जिथे शॅकल नाही ते. बोल्ट घाला, नट हाताने फिरेल तेवढाच. मग शॅकलचं टोक. इथे बहुतेकांचं अडतं: नव्या पाट्याला कमान जास्त, म्हणून दोन डोळ्यांतलं अंतर जुन्यापेक्षा कमी, आणि भोक जुळत नाही. गठ्ठा चुकीचा आलाय असं समजून दुकानात पळू नका. शॅकल पुढे-मागे फिरवून पाहा. नाहीच जमलं तर आधी एक्सल वर घेऊन यू बोल्ट हलके लावा, मग जॅकने एक्सल थोडा वर दाबला की पाटा सपाट होत जातो आणि डोळा सरकत भोकासमोर येतो. भोक टॉमीच्या निमुळत्या टोकाने जुळवा. बोट घालून चाचपायचं नाही, पाटा एक मिलिमीटर सरकला तरी बोट जातं.

एक्सल वर घेताना सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बरोबर उतरलं पाहिजे. ते कडेवर अडकलेलं असताना यू बोल्ट आवळले तर पाटा आणि बैठक यांच्यात बारीक फट राहते, पान्याला मात्र सगळं घट्ट लागतं. पहिल्या दोन खड्ड्यांत डोकं आत घसरतं आणि चारही नट एकदम ढिले. टॉर्च धरून चारी बाजूंनी बघा, फटीतून उजेड दिसता कामा नये. महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० सारख्या जीपवळणाच्या गाड्यांत पाटा एक्सलच्या खाली असतो, तिथे सेंटर बोल्टचं डोकं वरच्या बाजूला येतं.

यू बोल्टचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने, म्हणजे पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा असे, तीन-चार फेऱ्यांत आवळा. दर फेरीला नटाबाहेर आलेले आटे चारी पायांना सारखे आहेत का ते बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब दिसला तर यू बोल्ट तिरका बसलाय. जॅकवर असताना निम्म्या टॉर्कपर्यंतच जा. दुसरी बाजू अशीच करा, शॉकअप लावा, चाकं घाला आणि गाडी जमिनीवर उतरवा. पुढचा बंपर दहा-बारा वेळा दाबून सोडा, गाडी दोन-चार फूट पुढे-मागे ढकला, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील.

मग पूर्ण टॉर्क. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात आकडा असेल तर तोच खरा. नसेल तर ८.८ ग्रेडच्या कोरड्या आट्यांना साधारण असं धरतात: १२ मिलिमीटरच्या बोल्टला ८५ न्यूटन मीटर, १४ ला १३५, १६ ला २१०. आट्यांना तेल लावलं असेल तर तेवढ्याच टॉर्कला ताण जास्त येतो, तेव्हा आकडा थोडा कमी ठेवा. पाइप घालून ‘अजून एक दाब’ देऊ नका.

डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट सगळ्यात शेवटी, गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे. हे पुष्कळ ठिकाणी चुकतं. रबर बुशमध्ये बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला पकडली जाते, आणि त्यानंतरची हालचाल रबराच्या पिळातूनच होते. पाटा लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली येताच रबर एका बाजूला पूर्ण पिळलेलं राहतं, आणि नवे बुश काही महिन्यांत फाटतात. ग्रीस निप्पलवाल्या पितळी किंवा लोखंडी बुशला हा नियम नाही. तिथे पिन मोकळी फिरते ना आणि ग्रीस दुसऱ्या टोकाने बाहेर येतंय ना, एवढं बघा.

त्यानंतर

स्टिअरिंगचा आरा वाकडा आला तर घाबरू नका. उंची बदलली की ड्रॅग लिंकचा कोन बदलतो, त्यामुळे आरा थोडा फिरतो. ड्रॅग लिंकचं समायोजन करून तो सरळ करा, टाय रॉडला हात लावू नका. टाय रॉड दोन्ही चाकांना आपसात जोडतो आणि पाटे बदलल्याने त्याच्या लांबीत काहीच फरक पडत नाही. तरी एकदा अलाइनमेंट तपासून घ्या, कारण तुटलेल्या पाट्यावर गाडी चालली आहे.

दोन्ही बाजूंचं चाक ते चाक अंतर पुन्हा मोजा. पाच मिलिमीटरच्या आत फरक असेल तर सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर एखादं सेंटर बोल्टचं डोकं बसलेलं नाही किंवा गठ्ठा उलटा आहे. पुढची उंची आधीपेक्षा जास्त येईल. त्यातली थोडी पहिल्या काही खेपांत बसते, म्हणून हेडलाइटचा झोत आठवड्याने खाली घ्या.

१०० किलोमीटर झाले की यू बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, ५०० ला पुन्हा, आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसला. नट थोडा फिरेलच, त्यात चूक काही नाही: नव्या पाट्यांमधल्या रंगाचे थर दबतात आणि गठ्ठा बारीक होतो. तुमचा जुना पाटा भोकातून तुटला त्यामागे बहुधा हीच राहून गेलेली फेरी असावी. पहिली खेप पूर्ण मालाची आणि घाटाची घेऊ नका. अर्धा माल, जवळचं मार्केट.

आवाज आले तर: ब्रेक लावताना एकदाच ‘कट’ म्हणजे यू बोल्ट किंवा शॅकलची पिन. खड्ड्यात कुरकुर म्हणजे बुश कोरडा किंवा पाट्याची टोकं घासताहेत. साध्या सपाट पाट्यांच्या टोकांना ग्राफाइट ग्रीस चालतं. जुनं इंजिन ऑइल फवारण्याची पद्धत मात्र सोडा. आवाज दोन दिवस थांबतो, मग त्या तेलावर धूळ बसून तिची लापी होते, आणि उडालेलं तेल रबर बुशवर बसतं ते वेगळंच.